चार रवे कुठे गेले?

मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. १९ वर्षं झाली. कुणाचे किती रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, आल्या, सौद्यात काय दर निघाला, हमाली-तोलाई जाऊन शेतकऱ्याच्या हातात किती पडले, याची पट्टी करायची हे माझं काम. कॅल्क्युलेटर समोर असतो, पण बेरीज आधी डोक्यात होते, बोटं नंतर खात्री करतात. होत होती, असं म्हणायला पाहिजे.

२०२३ ची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. संध्याकाळी दुकान बंद करताना शटर अर्धं ओढलं आणि आत टेबलावर फोन वाजला. वाकून आत शिरलो आणि अर्धा हात आधीच ताठ झालो. शटरच्या खालच्या पट्टीचा कोपरा टाळूच्या मागे बसला. पडलो नाही, बेशुद्ध झालो नाही, रक्त म्हणाल तर टिकलीएवढं. आमचे हमाल आबा म्हणाले, "दिवाणजी, बसा जरा." मी म्हटलं, "काय हुईत न्हाई," आणि फोन घेतला. तो फोन कुणाचा होता, हे मला आजतागायत आठवलेलं नाही.

रात्री दोनदा उलटी झाली तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेलं. सीटी स्कॅन नॉर्मल आला. तिथल्या डॉक्टरांनी बायकोला सांगितलं, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, डोकेदुखी वाढत गेली, हाक मारून उठले नाहीत, बोलणं अडखळलं, हातापायातला जोर गेला, झटका आला किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, तर रात्र असो पहाट असो, तडक घेऊन या. तिनं ते सगळं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. मला फक्त "नॉर्मल" एवढंच ऐकू आलं. शेवटी कागदावर "आठवडाभर आराम" असं होतं. आराम म्हणजे नेमकं काय करायचं आणि आठवड्यानंतर काय, हे ना कुणी सांगितलं ना मी विचारलं.

हंगाम होता. तिसऱ्या दिवशी मी गादीवर हजर. दुपारी एक म्हातारे शेतकरी पट्टी हातात धरून परत आले. भांडण नाही, काही नाही. हळूच म्हणाले, "दिवाणजी, आमचं चार रवं कुठं गेलं?" ४४ च्या जागी मी ४० लिहिले होते. ३० किलोचे चार रवे म्हणजे १२० किलो गूळ मी नुसत्या पेनानं गायब केला होता. पट्टी दुरुस्त करायला घेतली तर ओळी एकमेकींवर चढायला लागल्या. बाहेर सौद्याचा गलका, वर ट्यूबलाइट, आणि कपाळात कुणी पाचर ठोकतंय असं वाटायला लागलं. रिक्षानं घरी आलो.

मग मी दुसरं टोक गाठलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरातली आतली खोली, खिडकीला चादर, फोन बंद. सहा आठवडे. येणारा प्रत्येक जण सांगायचा, "आराम कर, पडून राहा." आईनं मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. त्या धुरानं दृष्ट गेली की नाही माहीत नाही, मी मात्र दोन दिवस उठलो नाही. दिवसा झोपायचो, रात्री टक्क जागा. कुकरच्या शिट्टीनं अंगावर काटा यायचा, म्हणून बायको डाळ पातेल्यात शिजवायला लागली. आमच्या घरात दोन महिने शिट्टी वाजली नाही. एकदा पोराच्या हातातून स्टीलचा पेला पडला, तर मी त्याच्यावर असा ओरडलो की तो दोन दिवस माझ्या खोलीत आला नाही. पेठेचा संघ जिंकला तरी बिचारा टीव्हीचा आवाज बंद करून मॅच बघायचा. कोल्हापुरात हे काय असतं, ते फुटबॉलवेड्यांनाच कळेल.

आणि डोकेदुखीच्या गोळ्या. सकाळच्या चहाबरोबर एक, दुपारी एक. मेडिकलवाला विचारायचाही नाही.

जानेवारीत मेव्हण्यानं ओढून मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अर्धा तास दिला. म्हणाले, सीटीत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. तुम्हाला झालंय ते कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. त्यात पेशींचं काम बिघडतं, म्हणून फिल्म स्वच्छ येते. बहुतेक मोठी माणसं काही आठवड्यांत बरी होतात, काहींचं महिनोनमहिने रेंगाळतं. मी म्हटलं, म्हणजे वजनकाटा दिसायला शाबूत, पण आतनं हललेला. ते हसले आणि म्हणाले, तसंच समजा.

मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या आणि माझ्या सहा आठवड्यांचा हिशेबच चुकीचा निघाला. विश्रांती पहिले एक-दोन दिवस. त्यापुढं अंधारात पडून राहिलं की बरं होणं लांबतं. झोप बिघडते, अंगातलं बळ जातं, उजेड-आवाज आणखी सोसेनासे होतात. दुसरी गोष्ट गोळ्यांची. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, महिनोनमहिने घेतली तर तिच्यानंच डोकं दुखायला लागतं. माझे तीसच्या तीस दिवस होते. त्यांनी त्या बंद केल्या आणि रात्री घ्यायला एक वेगळी, कमी ताकदीची गोळी दिली (नाव सांगत नाही, कुणीतरी माझं वाचून आणायला जाईल). पहिले दहा दिवस डोकं जास्तच दुखलं. त्यांनी ते आधीच सांगितलं होतं, म्हणून निभावलं.

आणखी एक तक्रार मी कुणाला सांगितलीच नव्हती. अंथरुणात उजव्या कुशीवर वळलं की अख्खी खोली गरगर फिरायची. अशक्तपणा असेल म्हणून गप्प बसलो होतो. त्यांनी फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. मॅडमनी पलंगावर बसवून माझी मान वळवली आणि झटक्यात मागं आडवं केलं, डोकं पलंगाच्या कडेबाहेर लोंबकळत. छत असं फिरलं की मी त्यांचा हात धरला. म्हणाल्या, कानाच्या आतले बारीक कण मार लागल्यानं जागचे सुटून नको त्या नळीत गेलेत. मग ठरावीक क्रमानं डोकं वळवत, प्रत्येक वेळी थोडं थांबत, ते जागेवर आणले. दोन खेपांत ती गरगर गेली. दोन महिने सोसलेली गोष्ट दोन खेपांत! आधी सांगितलं असतं तर, हे मी स्वतःला किती वेळा म्हटलं त्याचा हिशेब नाही.

बाकीचं मात्र इतकं झटपट झालं नाही. त्यासाठी व्यायाम होते. अंगठा हातभर लांब धरायचा, नजर त्याच्यावर रोखायची आणि डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं. ३० सेकंद. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण पहिल्या दिवशी घाम फुटून मळमळलं. पेनचं टोक हळूहळू नाकाजवळ आणायचं, एकाची दोन दिसायला लागली की थांबायचं. आणि रोज चालायचं. त्याचा नियम सोपा होता. निघताना त्रास १० पैकी किती, ते बघायचं. चालताना दोनपेक्षा जास्त वाढला तर थांबायचं. थोडा वाढून तासाभरात उतरला तर काळजी नाही, उद्या पुन्हा तेवढंच.

मी रोजमेळाची जुनी वही काढली. डाव्या बाजूला निघतानाचा आकडा, उजव्या बाजूला आल्यावरचा. पहिल्या दिवशी आठ मिनिटं, रंकाळा दिसायच्या आधीच परत. मार्चमध्ये रंकाळा टॉवरपर्यंत. भल्या पहाटे जायचो, कारण तेव्हा गाड्यांचे हॉर्न नसतात आणि पाण्यावरचा उजेड डोळ्यांत घुसत नाही. संध्यामठ दिसेल अशा कठड्यावर पाच मिनिटं टेकायचं आणि परतायचं.

वहीतला आकडा सरळ उतरत गेला नाही. चुलतभावाच्या लग्नाला गेलो. बँड, हॉल, चारशे माणसं. पुढचे तीन दिवस गेले. मग पुढची पाच लग्नं टाळली आणि पाचही घरं रुसली. "दिसायला तर चांगला दिसतोस की," हे वाक्य मी त्या वर्षी जितकं ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच नाही. पाय मोडला असता तर प्लॅस्टर बघून लोकांनी खुर्ची दिली असती. शेठनी तिसऱ्या महिन्यापासून पगार निम्मा केला. माणूस वाईट नाही, पण घरचे हप्ते निम्मे झाले नाहीत.

हेल्मेटही घेतलं, चालत असताना मार लागलेल्या माणसानं. डॉक्टर म्हणाले होते, पूर्ण बरं व्हायच्या आत दुसरा मार बसता कामा नये. पेठेत हेल्मेट घालून फिरणं सोपं नाही. दोन चौकांत "काय भावा, अंतराळात निघालास काय?" ऐकून घेतलं.

एप्रिलमध्ये कामावर गेलो, सौदे आटोपल्यानंतरचे दोनच तास. दहा पट्ट्या झाल्या की पंधरा मिनिटं बाहेरच्या झाडाकडे बघत बसायचं. प्रत्येक पट्टी शेठचा पुतण्या तपासायचा. पंचवीस वर्षांचं पोरगं माझी बेरीज तपासतंय, याचा त्रास डोकेदुखीपेक्षा जास्त व्हायचा. मे महिन्यात त्याला माझी शेवटची चूक सापडली. जूनमध्ये मला त्याची एक सापडली. ती मी वहीत लिहून ठेवली आहे.

जुलैत पंचगंगेचं पाणी चढलं, चालणं बंद पडलं आणि आकडे पुन्हा वर गेले. सप्टेंबरात विसर्जन मिरवणुकीच्या आदल्या दिवशी बहिणीकडे गारगोटीला निघून गेलो. अनंत चतुर्दशीला कोल्हापूर सोडायची जन्मातली पहिली वेळ. डॉल्बीपुढं नाचलेला माणूस आहे मी. पोरानं रात्री फोनवर व्हिडिओ पाठवला, आवाज बंद करून.

आता कसा आहे? ट्यूबलाइटखाली दोन तासांवर बसत नाही. संध्याकाळी नावं सापडत नाहीत, तेव्हा सगळ्यांना "अण्णा" म्हणतो. डोकं आठवड्यातून एखाद्या दिवशी दुखतं. पगार पुन्हा पूर्ण झाला.

२०२४ च्या दिवाळी पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्याला कानात कापूस घालून वीस मिनिटं उभा राहिलो. निघताना १० पैकी १, आल्यावर ३. दुकानात परतलो तर शटरच्या खालच्या पट्टीला या टोकापासून त्या टोकापर्यंत बारदान गुंडाळून सुतळीनं घट्ट शिवलेलं. शेठ आबांना विचारत होते, हे काय लोंबतंय. आबा म्हणाले, "दिवाणजींसाठी न्हाई ओ, माझंबी डोस्कं हाय की."