काखेत कळसा, म्हणजे ओट्यावरचा मायक्रोवेव्ह

आमचा टीमचा रोजचा कॉल दुपारी पाऊण वाजता असतो. गेले दोन महिने बरोब्बर त्याच वेळेला माझा आवाज रोबोटसारखा व्हायचा, मग मी गोठायचे, मग तीस-चाळीस सेकंदांनी परत जिवंत, आणि एवढ्यात कोणीतरी "यू आर ब्रेकिंग" म्हणून मोकळं झालेलं असायचं. मी आपली फायबरवाल्यांना फोन करायचे. त्यांचं ठरलेलं उत्तर, मॅडम राउटर बंद करून चालू करा. करायचे. पाच मिनिटांनी सगळं ठीक व्हायचं, ते मुळात तेव्हा आपोआपच ठीक होणार होतं हे कळायला मला दोन महिने लागले.

एकदा वैतागून मी लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली आणि बाहेरच्या कुठल्या साइटला नाही तर घरातल्या राउटरलाच, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, पिंग लावून ठेवला, म्हणजे सारखी हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते बघायचं. हे आधीच करायला हवं होतं खरं तर, कारण राउटरपर्यंतच नीट पोचत नसेल तर बिचाऱ्या कंपनीला शिव्या घालून काय उपयोग. एरवी ३-४ मिलीसेकंद येत होते. पाऊण वाजला आणि आकडे २००, ४००, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट, म्हणजे ओच नाही. चाळीस सेकंद असंच. मग एकदम परत ४. पंधरा सेकंद शांतता. परत चाळीस सेकंद बोंब. असं पाच वेळा झालं. मी ते आकडे बघत बसले होते आणि स्वयंपाकघरातून टिंग असा आवाज आला, खरं तर टिंग पण पूर्ण आला नाही, आईंना (म्हणजे सासूबाईंना) टिंग व्हायच्या आधीच दार उघडायची सवय आहे.

पापड! घरात पाच माणसं, पाच पापड, एका वेळी एक, प्रत्येकी चाळीस सेकंद. माझ्या स्क्रीनवर अख्खं जेवणाचं पान वाढलेलं दिसत होतं.

कारण तसं साधं आहे. मायक्रोवेव्हमधला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारा भाग, साधारण २.४५ गिगाहर्ट्झला चालतो आणि जुनं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे दोघं एकाच रस्त्यावर. ओव्हनची ताकद आठशे वॅट, राउटरची साधारण एक दशांश वॅट. ओव्हनच्या पेटीतून बाहेर अगदी किंचित झिरपतं, पण लॅपटॉपपर्यंत येणारा वायफायचा सिग्नल तर एका वॅटच्या अब्जाव्या भागाएवढा उरतो, त्याच्यापुढे ते किंचितही ढोल-ताशा. गंमत म्हणजे साधे ओव्हन आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर अर्धा वेळच ओरडतात, १० मिलीसेकंद गोंगाट आणि १० मिलीसेकंद गप्प, म्हणून वायफाय पूर्ण मरत नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज त्या फटीतून निघून जातो, कॉलची मात्र वाट लागते. त्यामुळेच घरातले बाकीचे म्हणायचे, आमचं तर नेट चालू आहे, तुझंच काय असतं गं नेहमी?

हे सगळं मी जेवताना उत्साहाने सांगितलं तर आईंचा पहिला प्रश्न, "मग ते पापड खाणं बरं नव्हे का?" आता काय सांगणार. म्हटलं आई, पापडाला काही होत नाही, बाहेर किती झिरपू द्यायचं याची मर्यादा ठरलेली असते, पाच सेंटीमीटरवर दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलीवॅट, आपल्याला त्याने काही होत नाही, फक्त वायफायचे कान फार तिखट असतात.

मग त्यांना बरं वाटावं म्हणून ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. तिथल्या पार्क्सच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीला १९९८ पासून अधूनमधून विचित्र सिग्नल मिळायचे, त्यांना पेरिटॉन असं नावसुद्धा दिलं होतं, आणि २०१५ मध्ये शोध लागला की तिथला मायक्रोवेव्ह चालू असताना कोणी वेळेआधी दार उघडलं की ते यायचे. म्हणजे टिंग व्हायच्या आधी दार उघडणारी माणसं जगभर आहेत. आमच्या नारायणगावाजवळच्या खोडदच्या दुर्बिणीला, त्या ३० मोठ्या तबकड्या आहेत ना, त्यांना हा त्रास कमी असावा, कारण त्या मुळातच मीटरभर लांबीच्या लहरी ऐकतात. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखंच शास्त्रज्ञ पण करतात."

असो. उपाय. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, मी आतल्या खोलीत, आणि मधे स्वयंपाकघर, म्हणजे माझा सिग्नल रोज ओव्हनच्या दारावरूनच जात होता. राउटरला ५ गिगाहर्ट्झचा दुसरा पट्टा पण होता, ओव्हनच्या रस्त्यापासून लांबचा, पण दोन्हीला एकच नाव दिलेलं, आणि माझा लॅपटॉप लांब असल्यामुळे हट्टाने २.४ वरच जाऊन बसायचा. सेटिंगमध्ये जाऊन दोघांची नावं वेगळी केली. पण ५ वालं भिंतींना फार घाबरतं, दोन भिंतींपलीकडे एकच दांडी. शेवटी फायबरवाल्या दादाला बोलावून लांब वायर टाकून घेतली आणि राउटर पॅसेजमध्ये उंच लावला. नवऱ्याच्या मते तिथे तो वाईट दिसतो. दिसू दे.

दादाने जाता जाता फोनवर आजूबाजूची वायफायं दाखवली, बिल्डिंगमधली सतरा नावं! त्यात आमचं २.४ चॅनल ३ वर. हे चॅनल, म्हणजे त्या पट्ट्यातल्या रांगा, ५-५ मेगाहर्ट्झवर असतात पण प्रत्येकजण २० मेगाहर्ट्झची जागा अडवतो, म्हणून एकमेकांना धक्का न लावणारे १, ६ आणि ११ हे तीनच. आमचं ३ वालं म्हणजे दोन रांगांच्या मधे उभं राहून दोन्हीकडून शिव्या खाणं. ते ११ वर टाकलं, तिथे गर्दी कमी होती.

वाटलं झालं. तर संध्याकाळी नवऱ्याच्या लॅपटॉपचं नेट रांगायला लागलं, आणि तेव्हा ओव्हन बंद! इथे मात्र मला सुगावा लागला तो माउसवरून. त्याचा वायरलेस माउस पण त्याच वेळी अडखळत होता, बाण दोन बोटं सरकायचा, थांबायचा, मग उडी मारायचा. आता माउसला इंटरनेटशी काय देणंघेणं? म्हणजे गडबड हवेतच, आणि अगदी जवळ. त्याने जुने फोटो कॉपी करायला बाहेरची हार्ड डिस्क लावली होती, निळं तोंड असलेली यूएसबी ३ वाली, आणि माउसचं डोंगल, म्हणजे त्याचा सिग्नल पकडणारी ती छोटी खुंटी, तिच्या शेजारच्याच पोर्टमध्ये. यूएसबी ३ ची वायर चालू असताना २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते, इंटेलने २०१२ साली यावर पेपरच काढलाय. डिस्क काढली, माउस सुळकन. लावली, परत लंगडा. तीन वेळा करून बघितलं, तोपर्यंत नवरा "पटलं गं, आता कॉपी होऊ दे" म्हणायला लागला. डोंगल हातभर एक्स्टेन्शन वायरवर लांब नेलं, त्याच्याही लॅपटॉपला ५ वर टाकलं.

आता पाऊण वाजता पापड भाजले जातात आणि माझा कॉल पण चालतो. एकच अडचण राहिली, आईंचा टॅब जुना आहे, त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. परवा रात्री त्या ओट्याला टेकून सिरीयल बघत होत्या, जाहिरात लागली म्हणून दूध गरम करायला ठेवलं, आणि जाहिरात संपायच्या आत चक्र गोल गोल फिरायला लागलं. मी आतून बघत होते, काही बोलले नाही. त्यांनी एकदा टॅबकडे बघितलं, एकदा ओव्हनकडे, टिंग व्हायच्या आधी दार उघडलं, कप बाहेर काढला आणि दूध पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं.