द्राक्षबागेतल्या तापमान-नोंदकासाठी घड्याळाची चिप निवडताना

गेल्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्या मामांच्या द्राक्षबागेत मी चार तापमान-नोंदक बसवले होते. हंगाम संपल्यावर नोंदी उतरवून घेतल्या, तेव्हा त्यांपैकी दोघांच्या मते ती सगळी थंडी १ जानेवारी २००० पासून पडत होती, आणि तिसऱ्याच्या मते ती दर पंधरवड्याला ऑक्टोबरमधल्या एकाच रविवारी दुपारी ३ वाजून १७ मिनिटांनी नव्याने सुरू होत होती. चौथा तेवढा शहाणा निघाला. यंदा छाटणीच्या आधी सगळ्यात पहिल्यांदा घड्याळाचा प्रश्न सोडवायचा असे ठरवले, त्या कामाच्या या नोंदी आहेत.

जुलै, दुसरा आठवडा

आधी गरज कागदावर मांडली. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, आणि मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करणे, ठिबक चालू करणे हे उपाय सुरू होतात. थंड हवा जड असल्याने ती बांधाकडून ओढ्याकडे उतरते हे मामांना अनुभवाने ठाऊक आहे. कोणता कोपरा आधी गार होतो आणि दुसऱ्याच्या किती वेळ आधी, हे मात्र आकड्यांत कोणी पाहिलेले नाही. त्यासाठी चार ठिकाणच्या, दर १० मिनिटांनी घेतलेल्या नोंदी एकमेकींवर बरोबर बसल्या पाहिजेत. बागेत नेटवर्क नाही आणि मला ते न्यायचेही नाही.

मामांचे म्हणणे होते, "अरे, घड्याळ मिनिटभर मागं-पुढं झालं म्हणून थंडी काय थांबणार आहे का?" हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही, म्हणून हिशेब केला. १ पीपीएम (दहा लाखांत एक भाग) म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. घड्याळाचे ठोके देणाऱ्या साध्या क्रिस्टलची चूक २० पीपीएम धरली, तर दिवसाला १.७३ सेकंद आणि छाटणीपासून काढणीपर्यंतच्या साधारण १५० दिवसांत ४ मिनिटे १९ सेकंद एवढा फरक पडतो. दोन घड्याळे विरुद्ध दिशांना चुकली तर तो साडेआठ मिनिटांच्या वर जातो, म्हणजे हंगामाच्या शेवटी जवळपास एका नोंदीचा घोळ. २ पीपीएमच्या घड्याळात हीच चूक २६ सेकंदांची राहते. थोडक्यात, अचूकता हवी आहे, पण आपण मंडळी ज्या हिरिरीने पीपीएमवर वाद घालतो तितकी नको आहे. माझ्या गेल्या वर्षीच्या नोंदी वाया गेल्या त्याला एकही पीपीएम कारणीभूत नव्हता.

जुलैअखेर

गेल्या वर्षीची घड्याळाची चिप डीएस३२३१ होती, तीही सगळीकडे मिळणाऱ्या झेडएस-०४२ या निळ्या मोड्यूलवर (तयार छोट्या बोर्डावर), आणि दोष चिपचा नव्हता. या मोड्यूलवर २०० ओहमचा एक रेझिस्टर आणि एक डायोड अशी बटन सेल चार्ज करण्याची सोय दिलेली असते. ती पुन्हा चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी आहे. आपण मात्र तिथे सर्रास सीआर२०३२ घालतो, आणि तो चार्ज करायचा सेलच नव्हे. घरी टेबलावर यूएसबीच्या ५ व्होल्टवर महिनाभर चाचणी चालली होती, त्यात दोन सेलांची वाट लागली. एक तर हाताला फुगलेला लागत होता. बागेत पेन्सिल सेल बदलताना मुख्य वीज गेली, मागे बटन सेलचा आधार नव्हता, आणि घड्याळ त्याच्या मूळ तारखेवर, म्हणजे २००० सालावर, जाऊन बसले.

तिसऱ्या नोंदकात माझ्या हातून जुना प्रोग्राम राहिला होता. त्यात घड्याळाला कम्पाइलच्या (प्रोग्राम यंत्रभाषेत बदलण्याच्या) क्षणाची वेळ देणारी ओळ सेटअपमध्ये बिनशर्त लिहिलेली होती, त्यामुळे दर रीसेटला घड्याळ त्या रविवारच्या दुपारी परत जात असे. ही चूक मी इतरांच्या प्रोग्राममध्ये अनेकदा दाखवून दिलेली आहे.

सेल दर पंधरवड्याला बदलावे का लागत होते, तर मोड्यूलवरचा तो तांबडा एलईडी. रात्रभर बागेत कोणासाठी तेवत होता कोण जाणे.

ऑगस्ट, पहिला पंधरवडा

या खेपेला चिप मळ्यातून सुरुवात करून निवडायची ठरवली. नोंदक तीन पेन्सिल सेलांवर, रेग्युलेटरशिवाय चालतो. म्हणजे वीज ४.५ व्होल्टपासून सुमारे ३.२ पर्यंत उतरत जाते. एटीमेगा३२८पी हा प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झवर या पट्ट्यात निमूट चालतो, आणि तापमानासाठी लावलेला डीएस१८बी२० ३ व्होल्टपर्यंत साथ देतो.

डीएस१३०७ ही घड्याळाची चिप इथेच बाद होते. तिला मुळात ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात. शिवाय तिच्यात एक अट आहे जी फारसे कोणी वाचत नाही: मुख्य वीज बॅटरीच्या १.२५ पटीखाली गेली की चिप बाहेरच्यांशी बोलणे बंद करते. बटन सेल ३ व्होल्टचा असेल तर ही सीमा ३.७५ व्होल्ट येते, म्हणजे प्रत्येक पेन्सिल सेल १.२५ व्होल्टवर आला की संपले. अल्कलाइन सेल तेव्हा कुठे अर्ध्या वाटेवर असतो. चिप आत वेळ नीट मोजत असते, फक्त सांगत नाही. तिला अलार्मही नाही, त्यामुळे झोपलेल्या प्रोसेसरला उठवायचे काम दुसऱ्या कोणावर तरी टाकावे लागते. तरीही हाताशी होती म्हणून तुलनेसाठी चाचणीत ठेवली.

पीसीएफ८५६३ या दुसऱ्या चिपने मला बराच मोह घातला. ती १ व्होल्टपर्यंत वेळ सांभाळते आणि त्यासाठी पाव मायक्रोअँपिअर घेते. तिची एक गोष्ट तर फारच विचारपूर्वक केलेली आहे: 'मधे वीज अपुरी पडली होती, वेळेवर विसंबू नका' असे सांगणारा व्हीएल हा बिट (० किंवा १ अशी एक खूण) तिने सेकंदांच्याच रजिस्टरमध्ये (चिपमधल्या नोंदीच्या कप्प्यात), सातव्या बिटावर ठेवला आहे. सेकंद वाचायचे तर तो बिट हातात येतोच, विसरता येत नाही. पण बॅटरीवर आपोआप जाण्याची सोय तिच्यात नाही, ती डायोड लावून आपण करायची, आणि क्रिस्टल बाहेर लावावा लागतो. हा दुसरा मुद्दा बागेत महागात पडतो, त्याविषयी पुढे लिहितो.

एमसीपी७९४०एन या तिसऱ्या चिपच्या बाबतीत वीज गेल्याची आणि परत आल्याची वेळ चिप स्वतःच टिपून ठेवते. विहिरीवरच्या मोटरीच्या पेटीसाठी, जिथे रात्रीची थ्री-फेज कधी आली आणि कधी गेली हाच कळीचा प्रश्न असतो, हिच्याइतकी योग्य चिप मला दिसत नाही. ते काम पुढच्या उन्हाळ्यात. नोंदकाला तिचा उपयोग नाही.

ऑगस्टअखेर ते सप्टेंबर

मोजणीसाठी गच्चीवर जीपीएस मोड्यूल ठेवले आणि त्याच्या दर सेकंदाच्या पल्सशी प्रत्येक चिपच्या १ हर्ट्झच्या पल्सची तुलना केली. दोन्हींमधले अंतर चोवीस तासांत किती सरकले ते पाहिले की झाले. ठिकाणे तीन घेतली: घरातले टेबल, फ्रिजचा खालचा कप्पा आणि गच्चीवर उन्हात ठेवलेली पत्र्याची पेटी. फ्रिजच्या रबरातून वायर बाहेर काढण्यावरून घरात जे झाले ते इथे लिहीत नाही.

डीएस१३०७च्या मोड्यूलने या मोजणीत मला चांगलेच शिकवले. टेबलावर ते दिवसाला सुमारे १.४ सेकंद पुढे जात होते, म्हणजे १६ पीपीएम. फ्रिजमध्ये मात्र ते जवळजवळ बरोबर चालू लागले. क्षणभर वाटले की थंडी त्याला मानवते. खरे कारण असे की ३२,७६८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सर्वात वेगात असतो, आणि तापमान तिथून कोणत्याही बाजूला गेले तरी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो. हे प्रमाण दर वर्गअंशाला साधारण ०.०३४ पीपीएम आहे. ५ अंशांवर २० अंशांचा फरक, त्याचा वर्ग ४००, म्हणजे सुमारे १३.६ पीपीएम मंद. मूळची १६ची घाई आणि थंडीची १३.६ची सुस्ती यांनी एकमेकींना झाकले. हेच मोड्यूल गच्चीवरच्या पेटीत दुपारी ५० अंशांवर गेले की मागे पडायला लागे. फक्त फ्रिजमध्ये मोजले असते तर मी ते 'अतिशय अचूक' म्हणून बागेत नेले असते.

डीएस३२३१च्या चिपमध्ये क्रिस्टल आतच असतो आणि चिप दर ६४ सेकंदांनी स्वतःचे तापमान मोजून ही वक्ररेषा भरून काढते. ० ते ४० अंशांत ±२ पीपीएम असे डेटाशीट सांगते. माझ्याकडचे नग तिन्ही ठिकाणी त्याच्या आतच राहिले. तिच्यातला तापमापक ±३ अंशांचा आहे, म्हणून बागेच्या नोंदीसाठी त्याच्यावर अवलंबून राहू नये. तो तिच्या घरच्या कामापुरता आहे.

पण माझे मत पक्के झाले ते एका वेगळ्याच प्रयोगाने. द्राक्षबागेत पहाटेचे दव असते, फवारणीचे बारीक तुषार असतात, बोर्डो मिश्रणाचा थर तर पेटीच्या फटींतूनही आत शिरतो. डीएस१३०७च्या बोर्डावर क्रिस्टलच्या दोन पायांवर मी ओले बोट टेकवले. पडद्यावरची पल्स सरकली, अडखळली आणि थांबली. बोट काढून पुसल्यावर काही सेकंदांनी ती पुन्हा सुरू झाली. त्या दोन पायांमधला प्रवाह इतका नाजूक असतो की सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्ससुद्धा त्याला पुरतो. डीएस३२३१ला असे उघडे पायच नाहीत. पीसीएफ८५६३ मी सोडली ती या एका कारणासाठी. बोर्ड अल्कोहोलने धुऊन त्यावर लाखेचा थर दिला तर तिचाही निभाव लागेल, पण चार बोर्डांवर ते काम मी मन लावून करीन अशी खात्री मला स्वतःबद्दल नाही.

सप्टेंबरअखेर

खरेदीबद्दल एक सूचना. डीएस३२३१ नावाने दोन वेगळ्या चिपा येतात. डीएस३२३१एस-एनमध्ये क्रिस्टल असतो. डीएस३२३१एममध्ये त्याऐवजी मेम्स रेझोनेटर (सिलिकॉनवर कोरलेला सूक्ष्म कंपक) असतो आणि तिची हमी ±५ पीपीएमची आहे. नोंदकाला एमही चालेल, पण काय विकत घेतले ते माहीत असावे. छापलेल्या अक्षरांपेक्षा खात्रीची परीक्षा अशी: कंट्रोल रजिस्टरमधून १.०२४ किलोहर्ट्झची चौकोनी लहर मागावी. एस-एन ती देते, एमला फक्त १ हर्ट्झ देता येतो. मी घेतलेल्या सहा मोड्यूलांपैकी दोन या परीक्षेत एम निघाली, वरचा छाप काही का असेना.

मग मोड्यूलची छाटणी. एलईडी काढला, चार्जिंगचा २०० ओहमचा रेझिस्टर काढला. नुसते बसून ही चिप मुख्य विजेतून शंभरेक मायक्रोअँपिअर ओढू शकते, म्हणून मोड्यूलची वीज प्रोसेसरच्या एका पिनेतून दिली आणि झोपताना ती बंद केली. तेव्हा चिप बटन सेलवर जाते आणि तिथे तिला साधारण १ मायक्रोअँपिअर पुरतो. सीआर२०३२ची क्षमता २२० मिलिअँपिअर-अवर धरली तर सेल आधी वयाने मरेल. बॅटरीवर असताना अलार्मची पिन हलावी म्हणून बीबीएसक्यूडब्ल्यू हा बिट मी १ ठेवतो.

एवढे करूनही पहिल्या रात्री प्रोसेसर झोपलाच नाही, कारण अलार्मची पिन त्याला कायम खालीच दिसत होती. दोन संध्याकाळी प्रोग्राममध्ये शोधत बसलो. दोष होता मोड्यूलवरच्या ४.७ किलोओहमच्या रेझिस्टरांच्या पट्टीत: ती अलार्मची पिन मोड्यूलच्या विजेला बांधते, आणि ती वीज तर मीच बंद केलेली. पट्टी काढली, पुल-अप (पिन वर ओढून धरणारे रेझिस्टर) प्रोसेसरच्या बाजूने दिले, आणि नोंदक गाढ झोपला.

ऑक्टोबर, छाटणीचा आठवडा

नोंदी मोड्यूलवरच्याच एटी२४सी३२ या ४ किलोबाइटच्या मेमरीत ठेवल्या आहेत. तिचे एक पान ३२ बाइटचे असते. त्यात आधी ४ बाइटांत २००० सालापासूनचे सेकंद, आणि पुढे २ बाइटांचे एक असे १४ तापमानांचे आकडे नेमके बसतात. १२८ पाने म्हणजे १२ दिवसांहून थोडे अधिक, आणि मामांकडे आठवड्याला एक चक्कर होतेच.

डीएस३२३१मध्ये घड्याळ मधे थांबले होते हे सांगणारा ओएसएफ हा बिट सेकंदांपासून दूर, ०एफ या स्टेटस रजिस्टरमध्ये आहे. त्यामुळे तो वाचायचा राहून जातो, माझाही गेल्या वर्षी राहिला. आता प्रत्येक पान सुरू करताना तो आधी वाचतो, आणि तो १ असेल तर वेळेच्या जागी शून्य लिहितो. २००० सालची तारीख खरी समजून पुढे जाण्यापेक्षा ते बरे. अलार्म आलाच नाही तर प्रोसेसरमधल्या वॉचडॉग टायमरच्या मोजणीवर नोंदक उठतो आणि तापमान लिहीत राहतो.

काल चारही पेट्या बसवल्या: बांधावर, विहिरीजवळ, मधल्या ओळीत आणि ओढ्याकाठी. संध्याकाळी लॅपटॉप लावून पहिली पाने पाहिली. तीन ठिकाणी वेळ बरोबर होती. ओढ्याकाठच्या पेटीत वेळेच्या जागी चार शून्ये आणि त्यापुढे तापमान व्यवस्थित. पेटी उघडली तर बटन सेल माझ्या शर्टाच्या खिशात होता.