तिकडे इंग्रजीवर भागतं ना?

जर्मनीत इंग्रजीवर भागतं तर जर्मन कशाला शिकायची, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या जर्मनच्या वर्गाची नवी बॅच सुरू झाली की पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी विचारतंच, "मॅडम, तिकडे सगळ्यांना इंग्रजी येतं म्हणे. मग एवढी जर्मन कशाला?" फी भरायला आलेले आईवडीलही हेच विचारतात, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. बी-टू या पातळीपर्यंत पोचायला वर्ष तरी जातं, पैसे जातात. दुकानात, ट्रेनमध्ये, आयटीच्या ऑफिसात इंग्रजीवर भागतं हे खरंच आहे. मी श्टुटगार्टला सहा वर्षं होते. पहिली दोन वर्षं माझंही भागलं.

भागत नाही ते कागदावर. जर्मनीच्या प्रशासकीय कामकाजाच्या कायद्यात कलम २३ चं पहिलं वाक्य फक्त चार शब्दांचं आहे : कार्यालयाची भाषा जर्मन आहे. समोरच्या कारकुनाला इंग्रजी येत असलं आणि तो मनाने चांगला असला तर तो बोलेल. पण कागद जर्मनमध्येच निघणार, आणि तुमचं काय व्हायचं ते कागद ठरवणार.

तिसऱ्या वर्षी माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली. अर्ज वेळेत केला होता, पण नवा परवाना यायला वेळ होता. तोवर हातात काहीतरी असावं म्हणून कार्यालयाने घडीचा एक कागद दिला. त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. फिक्त्सिओन म्हणजे कल्पित, बेशायनिगुंग म्हणजे दाखला. परवाना हातात नाही, पण आहे असं धरून चालायचं, त्याचा दाखला. त्यावर छापलेल्या चौकोनांपैकी एकात फुली मारलेली असते. एका चौकोनाचा अर्थ, तुमचं इथे राहणं 'परवानगी असल्याचं धरलं जाईल'. दुसऱ्याचा अर्थ, तुमचा जुना परवाना 'पुढे चालू असल्याचं धरलं जाईल'. घाईत वाचलं तर दोन्ही एकच वाटतात. पण पहिल्या फुलीवर देशाबाहेर पडलात तर त्या कागदाच्या जोरावर परत येता येत नाही. दुसरीवर येता येतं.

माझ्या कागदावर फुली पहिल्या चौकोनात होती. तीन आठवड्यांनी पुण्याला भावाचं लग्न होतं, तिकीट काढून झालेलं. मी तिथेच, खुर्चीतून न उठता, कागद वाचला आणि म्हणाले की माझा जुना परवाना अजून संपलेला नाही, म्हणजे मला परदेशी माणसांच्या राहण्याच्या कायद्यातल्या कलम ८१ चं पोटकलम ४, म्हणजे दुसरा चौकोन, लागू होतं, ३ नाही. समोरच्या बाईंनी चष्मा वर केला, पडद्यावर कलम उघडलं, वाचलं, आणि काही न बोलता दुसरा कागद छापून दिला. शेजारच्या टेबलापाशी एक मुलगा होता, त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्याने आपला कागद घडी घालून खिशात ठेवला. त्याला हाक मारून 'एकदा वाच' म्हणायला हवं होतं. ते मी केलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

याहून अवघड कागद असतात. ज्यांना देशाबाहेर काढायचं ठरलंय पण सध्या काढता येत नाही, त्यांच्या कागदावर 'डुल्डुंग' लिहिलेलं असतं. शब्दकोशात 'सहन करणे' असा अर्थ सापडेल. मराठीत नेमकं सांगायचं तर 'खपवून घेणं'. माणसं वर्षानुवर्षं त्यावर राहतात, मुलं तिथे शाळेत जातात, आणि दर काही महिन्यांनी त्याच शब्दाची मुदत वाढवून घेतात. आपल्याला खपवून घेतलं जातंय हे छापील वाचत मोठं होणं कसं असेल, याचा विचार माझ्याने पुरा करवत नाही.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीला कामाला माणसं हवी होती. १९५५ मध्ये इटलीशी करार झाला, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी. आलेल्यांना नाव मिळालं 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणे कामगार. १९६४ मध्ये दहा लाखावा पाहुणा म्हणून एका पोर्तुगीज सुताराला कोलोनच्या डॉइट्स स्टेशनवर मोपेड भेट दिली, फोटो काढले. शब्द प्रेमाचाच वाटतो. पण पाहुणा घराच्या कारभारात बोलत नाही, आणि त्याने कधीतरी निघायचं असतं. १९७३ मध्ये भरती बंद झाली तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसं येऊन गेली होती, आणि त्यातली बहुसंख्य परतही गेली. जी राहिली त्यांच्यासाठी भाषेचे वर्ग काढावेत असं फारसं कुणाला वाटलं नाही. पाहुण्याला कशाला भाषा?

माझ्या खालच्या मजल्यावर एक तुर्की आजी राहायच्या. त्या सांगायच्या की कारखान्यात मुकादम त्यांच्या नवऱ्याशी मुद्दाम मोडकं जर्मन बोलायचा : 'तू इथे काम, तू उद्या येणे.' आपल्या 'तुम्ही'सारखं 'झी' नाहीच, सरळ 'डू', म्हणजे तू. नवऱ्याच्या कानावर तेवढंच जर्मन पडलं, म्हणून तो तसंच बोलायला शिकला. मग त्याच्या बोलण्याला लोक हसायला लागले. तू आणि तुम्हीमधलं अंतर मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पाहुण्यांची नातवंडं तिथे जन्मली, त्यांच्याकडे जर्मन पासपोर्ट आले, ती श्टुटगार्टकडच्या श्वाबिश बोलीत भांडायला लागली. त्यांच्यासाठी २००५ पासून सरकारी आकडेवारीत नवा शब्द आला, 'मिग्रात्सिओन्सहिंटरग्रुंट', स्थलांतराची पार्श्वभूमी. तुम्हाला किंवा तुमच्या आईवडिलांपैकी एकाला जन्मतः जर्मन नागरिकत्व नसेल, तर ती पार्श्वभूमी तुम्हाला आहे. २०२१ मध्ये सरकारनेच नेमलेल्या आयोगाने हा शब्द सोडून द्या असं सुचवलं. बोलण्यातून तो अजून गेलेला नाही.

शब्दांवरून जर्मन लोक एवढे का भांडतात, असंही मुलं विचारतात. कारण त्यांनी पाहिलंय. ड्रेस्डेनमधले प्राध्यापक व्हिक्टर क्लेम्पेरर ज्यू होते. नाझी काळात ते घरी चोरून टिपणं ठेवत, रोजचे साधे शब्द कसे विषारी होत जातात याची. ती १९४७ मध्ये पुस्तकरूपात आली. माणसं मारण्याला नाझी कागदपत्रांत 'विशेष वागणूक' म्हटलेलं असे. ज्या देशाच्या दप्तरात असा शब्द राहून गेलाय, तिथे १९९१ पासून दरवर्षी एक 'नकोसा शब्द' जाहीर होतो, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. २०२३ साठी 'रेमिग्रात्सिओन' निवडला गेला. ऐकायला अभ्यासातला शब्द, पण अर्थ परक्या वंशाच्या माणसांना मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर घालवणं असा घेतला जात होता.

बर्लिनला जाल तेव्हा राइश्टागचं, म्हणजे संसदेच्या इमारतीचं, दार वर मान करून बघा. 'डेम डॉइचन फोल्के', जर्मन जनतेला. ही अक्षरं १९१६ मध्ये बसवली, ती ओतली लोएवी नावाच्या ज्यू कुटुंबाच्या ओतशाळेत. पुढे त्याच कुटुंबातली माणसं नाझींनी मारली, कारण 'फोल्क' या शब्दात ती बसत नाहीत असं ठरलं. आत उत्तरेकडच्या चौकात कलाकार हान्स हाके यांनी २००० मध्ये त्याच वळणाच्या अक्षरांत दुसरे शब्द मांडले : 'डेर बेफ्योल्करुंग', इथे राहणाऱ्या सगळ्यांना. संसदेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. २६० विरुद्ध २५८, दोन मतांनी ते काम मंजूर झालं. अक्षरांभोवती खासदारांनी आपापल्या मतदारसंघातली माती आणून टाकली आहे, आणि त्यात जे उगवेल ते उगवू देतात. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून, परदेशी आईवडिलांच्या तिथे जन्मलेल्या मुलांना काही अटींवर जन्माने नागरिकत्व मिळू लागलं. गच्चीवरून ती अक्षरं वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की या देशाच्या कुठल्यातरी वाक्यात मी आहे.

आता आपल्या मुलांचं. महाराष्ट्राने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी करार केला, तेव्हापासून नर्सिंगवाली मुलं वर्गात वाढली. त्यांच्यासाठीचा शब्द 'फाखक्राफ्ट', म्हणजे कुशल कर्मचारी. 'फाख' म्हणजे विषय, 'क्राफ्ट' म्हणजे शक्ती. पाहुणा गेला ते बरं झालं, पण या शब्दातही माणूस नाही. तिथे वॉर्डमध्ये पूर्वी 'श्वेस्टर' म्हणत, आपल्यासारखंच सिस्टर. २०२० पासून नव्याने शिकायला लागलेल्यांना शेवटी मिळणारी पदवी 'फ्लेगेफाखफ्राऊ' किंवा 'फ्लेगेफाखमान', म्हणजे शुश्रूषेतली तज्ज्ञ बाई किंवा पुरुष, अशी आहे, आणि तो हुद्दा त्या व्यवसायातल्या लोकांना महत्त्वाचा वाटतो. माझ्या मुलींनी पहिल्या दिवसापासून स्वतःचा हुद्दा पूर्ण सांगावा, आणि कुणी विनाकारण 'डू' म्हटलं तर हसून पण 'झी'नेच उत्तर द्यावं. मी हे वर्गात मोठ्याने म्हणून घेते, परत परत.

कोर्सच्या शेवटच्या दिवशी मी त्या घडीच्या कागदाची कोरी झेरॉक्स प्रत्येकाला देते. शब्दकोश बंद, मोबाईल बॅगेत. प्रश्न एकच असतो : कुठल्या चौकोनात फुली असेल तर भावाच्या लग्नाला येऊन परत जाता येईल?