तुम्ही विचारलंत म्हणून: तक्रार का केली नाही?

आम्हाला घर नाकारले गेल्याचा प्रसंग सांगितला की ऐकणारे बहुधा एकच विचारतात, ‘मग तुम्ही तक्रार का केली नाहीत?’ परवा तुम्हीही विचारलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

पत्नीची शाळा दक्षिण-पश्चिम नागपुरात असल्याने आम्ही तिकडेच भाड्याच्या खोल्या शोधत होतो. एक घर दोघांनाही आवडले. मालकीणबाईंनी चहा दिला, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया बाजूला सारून कपड्यांची दोरी कुठे बांधता येईल तेही दाखवले आणि किल्ली माझ्या हाती दिली. माझे आडनाव गावाच्या नावावरून आलेले असल्यामुळे त्यावरून त्यांना काही उमगले नसावे. मग त्यांनी सहज विचारले, ‘नागपूरचेच ना? कोणत्या भागातले?’ मी म्हणालो, ‘इंदोऱ्याचे.’ इंदोरा ही उत्तर नागपुरातली बौद्धांची वस्ती; आमच्या शहरात आडनावाने जे कळत नाही ते वस्तीच्या नावाने कळते. बाईंच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही. ‘जरा द्या बरं ती’ म्हणून त्यांनी किल्ली तेवढी परत घेतली. संध्याकाळी दलालाचा फोन आला, की त्यांचा पुतण्याच राहायला येणार आहे. फाटकावरची ‘खोल्या भाड्याने देणे आहे’ ही पाटी मात्र पुढे दीड महिना तशीच होती. शाळेत जाता-येता पत्नीला ती रोज दिसत असे, पण तिने घरी कधी सांगितले नाही.

कायदा नाही असे नाही. संविधानाच्या 17व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली, 1955चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, 1989चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. आणि 1956 साली धम्मदीक्षा घेतलेल्या आमच्या समाजाला केंद्राने 1990 साली, म्हणजे बऱ्याच उशिरा का होईना, अनुसूचित जातींच्या यादीत घेतल्यापासून त्यातील शेवटचा कायदा आम्हालाही लागू आहे. पण जातिवाचक अपमानाचा गुन्हा ठरण्यासाठी तो अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो, आणि येथे तर अपमानाचा एक शब्दही उच्चारला गेला नव्हता. ठाण्यात जाऊन लिहून काय द्यायचे? चहा दिला, गोड बोलल्या, पुतण्या येणार आहे म्हणाल्या?

त्यानंतर मी दलालाला फोनवरच ‘आम्ही इंदोऱ्याचे’ असे सांगू लागलो, म्हणजे निदान फेरी तरी वाचे. पत्नीला हे मुळीच पटले नाही. नकार त्यांचा आहे, तर तो देण्याचे कष्टही त्यांनीच घ्यावेत, असे तिचे म्हणणे होते, आणि आज मला ते बरोबर वाटते. पुढच्या एका घरी पुन्हा पुतण्या निघाला, तेव्हा तिने शांतपणे विचारले, ‘कोणत्या तारखेला येतोय?’ घरमालक दलालाकडे पाहू लागले आणि दलाल दाराशी जाऊन आपल्या चपला शोधू लागला.