तो 'म' गेला कुठे?

पुण्यात जर्मन शिकवताना माझा सर्वांत आवडता आणि मुलांचा सर्वांत नावडता धडा म्हणजे विशेषणांचे प्रत्यय. पुस्तकात त्यांचे तीन तक्ते असतात: डेरसोबतचा (इंग्रजीतला the), आइनसोबतचा (इंग्रजीतला a) आणि असं कुठलंच आर्टिकल नसतानाचा. चार विभक्त्या, तीन लिंगं, शिवाय अनेकवचन. म्हणजे प्रत्येक तक्त्यात 16 घरं. मुलं ती पाढ्यांसारखी घोकतात आणि बोलायची वेळ आली की अडतात.

संध्याकाळच्या बॅचला जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या नर्स बऱ्याच आहेत. त्यातली लातूरची एक मुलगी परवा फळ्याकडे बघतच राहिली. वर लिहिलं होतं 'मिट काल्टेम वासर', खाली 'मिट डेम काल्टेन वासर'. थंड पाण्याने, त्या थंड पाण्याने.

"मॅडम, दोन्हीकडे मिट आहे, विभक्ती तीच. मग काल्टेममधला म गेला कुठे?"

मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "डेममध्ये आहे की!"

मी तक्ता पुसून टाकला. लिंग-विभक्तीची खूण एकदा दिसली की जर्मनला पुरे. आर्टिकलने ती दाखवली, तर विशेषण साधं 'अं' किंवा 'एन' लावून मोकळं होतं. म्हणून 'दास काल्टं बिअर', पण 'आइन काल्टेस बिअर'. इथे आइनवर खूणच नाही, तेव्हा दासमधला स विशेषणाला घ्यावा लागतो.

आणि 'एन'चं म्हणाल, तर मराठी माणसाला तो परका नाहीच. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल; पुढे 'ला' आला की तिघांनाही 'चांगल्या'. तसंच डेम गुटेन मान, डेर गुटेन फ्राउ, डेम गुटेन किंड: चांगल्या माणसाला, बाईला, मुलाला. आपल्या मुलांना हे इंग्रजीतून समजावणं म्हणजे उगाच वळसा, असं माझं ठाम मत आहे.

मग मी मुद्दाम 'ट्रॉट्स श्टार्केन रेगेन्स' लिहिलं, जोराचा पाऊस असूनही. आर्टिकल नाही, म्हणजे षष्ठीच्या 'डेस'मधला स घेऊन 'श्टार्केस' हवं ना? वर्ग गोंधळला. तीच मुलगी म्हणाली, "रेगेनलाच स लागलाय की. मग विशेषणाला कशाला?"

हे मी अजून शिकवलेलंच नव्हतं! षष्ठीत रेगेनसारख्या पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांना बहुधा स्वतःलाच स लागतो, खूण तिथेच दिसते, विशेषण 'एन'वर थांबतं. तिने ते स्वतः ताडलं. इतका आनंद मला वर्गात क्वचित झालाय.

उरलेला वेळ वॉर्डातली वाक्यं घेतली. पेशंटला खूप दुखतंय, तर 'श्टार्कं श्मेर्त्सेन'; आर्टिकल आलं की 'डी श्टार्केन श्मेर्त्सेन'. तक्ता परत कुणी मागितला नाही.