आमची वाटचाल : दीड सेंटिमीटरचा हिशेब

केंद्र सुरू केलं तेव्हा खेळाडूंच्या खांद्यावर इलॅस्टिक टेप (दुखऱ्या स्नायूवर चिकटवायची ताणणारी पट्टी) जितकी ओढून लावायचो, तिच्या निम्मीच आता ओढतो. चूक हिशेबाची होती. रोल ५ सेंमी रुंद, ५ मीटर लांब. पट्टी ताणली की साधारण दीडपट होते. २० सेंमीच्या तुकड्याची दोन्ही टोकं ४-४ सेंमी बिनताणाची ठेवली की मध्ये उरतात १२. ‘२५ टक्के ताण’ म्हणजे १२ चे १५ नव्हेत. पूर्ण ताणल्यावर १२ चे १८ होतात, वाढ ६ ची, तिचा पाव हिस्सा दीड सेंमी. १५ पर्यंत ओढली तर ताण ५० टक्के होतो, टोकाशी कातडी खेचली जाते आणि फोड येतात. दोष मात्र बिचाऱ्या गोंदाला.

सुप्रास्पायनेटस (हात बाजूने वर उचलणारा खांद्याचा स्नायू) दुखत असेल तर हात पाठीमागे, मान पलीकडे झुकवायची. पहिलं टोक दंडाच्या हाडाच्या वरच्या, बाहेरच्या उंचवट्याखाली. तिथून पट्टी फऱ्याच्या हाडावरच्या आडव्या उंचवट्यालगत त्याच हाडाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यापर्यंत. कोपरे गोल कापतो, टोकदार कोपरा बनियनला अडकून उचकटतो. शेवटी तळव्याने चोळायचं, कारण गोंद उबेने धरतो. सरावाआधी किमान अर्धा तास हवा. घामेजल्या अंगावर टेप लावणं म्हणजे टेप वाया.

मल्लखांबाची मुलं सगळ्यात अवघड. खांबाचं एरंडेल अंगाला लागतं, वर खांदा घासतो. साबणाने धुऊन, पुसून, स्पिरिट फिरवूनही पट्टी एखाद्या सरावापलीकडे क्वचित टिकते. त्यांना आम्ही ती लावतच नाही.

खांदेदुखीच्या ४२ विद्यार्थ्यांवरचा २००८ चा एक अभ्यास आम्ही पालकांना आवर्जून सांगतो : टेप लावताच हात न दुखता जास्त वर गेला, पण काही दिवसांत खोटी, नुसती दिखाव्याची पट्टी लावलेला गटही तिथेच पोचला. म्हणून हात मोकळा झाला की लगेच, त्याच बैठकीत रबर बँडवर खांदा बाहेर फिरवण्याचे आणि फऱ्याच्या स्नायूंचे व्यायाम घेतो. नुसत्या टेपिंगसाठी आलेल्याला हे आवडत नाही. काही जण परत येत नाहीत.

खांदा निखळलेला असेल, हाताला मुंग्या येत असतील किंवा दुखण्याने रात्री झोपमोड होत असेल, तर टेप नाही, आधी अस्थिरोगतज्ज्ञ. बाकीच्यांची पट्टी ३ ते ५ दिवस राहते, खाज सुटली तर त्याच दिवशी काढायची : खोबरेल चोळून, केसांच्या दिशेने, कातडी दाबून धरत.