२०१२ की २०२३? आरोग्य विमा पोर्ट करतानाचा माझा अनुभव

२२ सप्टेंबर २०२५ला, घटस्थापनेच्या दिवशी, वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. त्या दिवशी मी ऑफिसात प्रत्येकाला सांगत सुटले होते की यंदा आपले सहा हजार वाचले. पाचव्या माळेला कंपनीचं रिन्यूअलचं पत्र आलं. गेल्या वर्षी जीएसटी धरून ३८,९४० रुपये भरले होते, आणि यंदा जीएसटी नसताना ४१,५०० मागितले होते. नवऱ्याने पन्नाशी ओलांडली म्हणून वयोगट बदलला, असं कॉल सेंटरच्या मुलाने सांगितलं. वर "हॅपी नवरात्री, मॅडम" असंही म्हणाला.

मी हिशेबाच्या कामातली बाई. संतापले की कागद वाचायला घेते. त्या रात्री पॉलिसीचं शेड्यूल पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचलं, तर त्यात प्रसूतीच्या खर्चाचा रायडर, म्हणजे जादा पैसे भरून घ्यायचं जोडसंरक्षण, निघाला. मी ४७ वर्षांची आहे आणि लेक कॉलेजात आहे. रुग्णालयात रोज मिळणाऱ्या भत्त्याचाही एक रायडर होता. दोन्हींचे पैसे आम्ही दोन वर्षं निमूट भरत होतो.

हे आलं कुठून, तर २०२३ मध्ये कंपनीने आमची जुनी योजना बंद केली आणि आम्हाला नव्या योजनेत हलवलं. तेव्हा पॉलिसीचा नंबरही बदलला. ज्या काकांनी २०१२ मध्ये पॉलिसी काढून दिली होती ते केव्हाच मुलाकडे बंगळुरूला गेले. त्यामुळे "इथे सही करा"च्या पलीकडे कोणी काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माझ्या गाढवपणाचा हा पहिला भाग.

दुसरी कंपनी शोधण्यात दोन रविवार गेले, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. मी हप्त्याआधी खोलीभाड्याची अट बघत होते, कारण सासूबाईंच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही पोळलो होतो. त्यांची पॉलिसी ३ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. खोली घेतली ६,०००ची. आम्हाला वाटलं, वरचे ३,००० खिशातून जातील. प्रत्यक्षात डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापलं गेलं, म्हणजे निम्मं. औषधांचं बिल तेवढं पूर्ण मिळालं. तेव्हा खोलीभाड्याला मर्यादा नसलेली १० लाखांची साधी पॉलिसी, रायडर एकही नाही, आणि वरून २० लाखांचा सुपर टॉप-अप, असं ठरवलं. सुपर टॉप-अप वर्षभरातल्या बिलांची बेरीज १० लाखांच्या वर गेली की सुरू होतो, म्हणूनच तो स्वस्त मिळतो. थेट ३० लाखांची पॉलिसी घेतली असती तर ४१,५००च्याही पुढे गेले असते.

रिन्यूअल ४ डिसेंबरला. पॉलिसी पोर्ट करायची, म्हणजे जुनी वर्षं न गमावता दुसऱ्या कंपनीत न्यायची, तर अर्ज किमान ४५ दिवस आधी जायला हवा. मोजलं तर २० ऑक्टोबर आला, म्हणजे नेमकी नरक चतुर्दशी. म्हटलं, दसरा झाला की लगेच अर्ज भरू, पंधरा दिवस हाताशी आहेत.

नव्या कंपनीच्या मुलीने चार वर्षांच्या पॉलिसीच्या प्रती मागितल्या. शेवटच्या दोन पीडीएफमध्ये होत्या, त्या पाठवल्या. तासाभरात तिचा फोन आला. "मॅडम, तुमचा विमा २०२३ पासूनच दिसतोय."

ज्यांना याचं गांभीर्य लक्षात येणार नाही त्यांच्यासाठी सांगते. नवऱ्याला २०१७ पासून ब्लडप्रेशर आहे. आधीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ (तो संपेपर्यंत त्या आजाराचा दावा मिळत नाही) आता जास्तीत जास्त ३ वर्षं असतो, आणि पोर्ट करताना तो शून्यापासून मोजायचा नसतो. जुन्या कंपनीत घालवलेली वर्षं सोबत येतात. तसंच सलग ५ वर्षं विमा चालू असेल तर पुढे फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज "तुम्ही माहिती लपवली" म्हणून दावा नाकारता येत नाही. २०१२ची तारीख धरली तर आमचं हे सगळं कधीच पार पडलंय. २०२३ची धरली तर दोनच वर्षं झालीत. आम्ही १३ हप्ते भरले होते आणि त्यातले ११ कागदावरून गायब होते.

जुन्या कंपनीच्या पुण्यातल्या डेक्कनकडच्या शाखेत गेले. टोकन घेतलं, पाऊण तास बसले. काउंटरवरची मुलगी बोलायला गोड होती. "सिस्टीममध्ये जुना नंबर लिंक नाहीये, मॅडम." मग लिंक करा. "ते इथून होत नाही. मेल टाका." मेल टाकला. उत्तर आलं की सात ते दहा कामाचे दिवस लागतील. मी कॅलेंडर काढून मोजलं, दहावा दिवस लक्ष्मीपूजनाच्या पलीकडे जात होता.

नियम वाचला तर जुन्या कंपनीने नव्या कंपनीला ७२ तासांत माहिती द्यायची असते. दिलीही असती. चुकीची माहिती ७२ तासांत.

दुसऱ्या फेरीला शाखेतल्या साहेबांनी म्हटलं, "जुन्या पॉलिसी असतील तर बघू." 'असतील तर' हे त्यांनी ज्या सुरात म्हटलं, त्यावरून मी नाहीच आणणार याची त्यांना खात्री असावी. घरी येऊन माळ्यावर चढले. दिवाळीची साफसफाई तशीही व्हायचीच होती. लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाची एक पिशवी निघाली, आणि तिच्यात लेकीच्या बालवाडीच्या प्रगतिपुस्तकाखाली पॉलिसींचा गठ्ठा. २०१२, १३, १४, १५, १७ आणि पुढच्या सगळ्या. २०१६ची नव्हती.

तिसऱ्या फेरीला साहेबांनी गठ्ठा चाळला आणि बरोबर तिथेच बोट ठेवलं. "एक वर्ष खंड दिसतोय." मी म्हटलं, २०१७च्या पॉलिसीवर 'नूतनीकरण' छापलंय, खंड असता तर नूतनीकरण कसं झालं असतं? "तसं नसतं ना, मॅडम." मग कसं असतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि तेव्हा मला डिसेंबर २०१६ आठवला. नोटाबंदीचे दिवस. एटीएमच्या रांगेत उभं राहून पाय मोडले होते, म्हणून हप्ता चेकने दिला होता. पासबुक सापडलं. कंपनीचं नाव, रक्कम, १ डिसेंबर २०१६. बँकेत जाऊन तेवढ्या पानाचा शिक्का मारलेला उतारा घेतला.

पण उतारा घेऊन चौथ्यांदा टोकन काढण्याआधी मी दोन गोष्टी केल्या, आणि त्या पहिल्याच दिवशी करायला हव्या होत्या. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सगळे कागद जोडून मेल केला. त्याचा पत्ता पॉलिसीच्या शेवटच्या पानांत असतो. आणि आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो आणि ती थेट कंपनीच्या गळ्यात पडते. विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांचं कार्यालय आपल्याकडे नारायण पेठेतच आहे, न. चिं. केळकर रस्त्यावर. फी नाही, वकील लागत नाही. मी तिथेही जाणार होते, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार आणि मग महिनाभर उत्तराची वाट, असा क्रम आहे. माझ्याकडे महिना कुठला?

तक्रार सोमवारी, १३ तारखेला केली. मंगळवारी मुख्य कार्यालयातून फोन आला. ज्या साहेबांना खंड दिसत होता, त्यांचाच बुधवारी फोन आला की उतारा स्कॅन करून पाठवा, यायची गरज नाही. शुक्रवारी वसुबारसेच्या संध्याकाळी दुरुस्तीचं पत्र मेलवर आलं. पहिल्या पॉलिसीची तारीख ४ डिसेंबर २०१२. दारात पहिली पणती लावायची सोडून मी प्रिंट काढत बसले होते. धनत्रयोदशीला अर्ज अपलोड केला.

पुढचं सरळ झालं. नवऱ्याच्या रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, एक फोन, आणि मंजुरी. ब्लडप्रेशर आम्ही गोळीच्या नावासकट लिहिलं होतं. एका मित्राने नवऱ्याला "कशाला लिहितोस" असा सल्ला दिला होता. त्या मित्राला मी दिवाळीच्या फराळाला बोलावलं, पण विम्यावर बोलू दिलं नाही.

हिशेब असा: पॉलिसीचे ३०,८००, सुपर टॉप-अपचे ५,१००, एकूण ३५,९००. जुन्या कंपनीच्या मागणीपेक्षा ५,६०० कमी, आणि संरक्षण तिप्पट. मात्र सुपर टॉप-अप नवा असल्यामुळे त्यात नवऱ्याच्या ब्लडप्रेशरसाठी ३ वर्षं थांबावं लागेल. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा कळलं. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर आयकरात मिळणारी ८०डीची वजावट आम्ही हिशेबात धरलीच नाही, कारण दोघंही नव्या करप्रणालीत आहोत आणि तिथे ती मिळत नाही.

एक राहिलंच. नवी कंपनी पोर्टचा अर्ज नाकारू शकते. म्हणून मंजुरी हातात येईपर्यंत मी ४१,५०० बाजूला काढून ठेवले होते, वेळ आली असती तर जुनीच पॉलिसी भरली असती. हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते, पण मधल्या दिवसांत रुग्णालयात जावं लागलं तर दावा मिळत नाही. आणि नवी पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत आवडली नाही तर परत करता येते. तेवढ्या मुदतीत मी ती दोनदा वाचली. लेकीचं नाव बरोबर आहे. नवऱ्याच्या मधल्या नावात एक 'ए' जास्त पडला होता, तो काढून घेतला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. पॉलिसी रिन्यू करायची राहिलीय, सवलतीच्या मुदतीत अजून भरता येईल. मी म्हटलं, आम्ही पोर्ट केली. ती हळहळली.

"असं का मॅडम? तुम्ही तर आमच्या २०२३ पासूनच्या ग्राहक आहात."